सत्तावीस नंबरची नळी

४ मार्च
चाळीसच्या चाळीस! सगळ्या नळ्या मोजून झाल्या. यंत्राने शेवटचा आकडा दाखवला तेव्हा उठून चक्क टाळ्या वाजवल्या — एकटीनेच! रक्ताच्या चार थेंबांतून आरएनएचा एक एवढासा तुकडा मोजायचा आणि मूत्रपिंडात कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं. नऊ वर्षं याच तुकड्यामागे हात धुऊन लागले आहे.

वीस नळ्या रुग्णांच्या, वीस निरोगी माणसांच्या. निरोगी म्हणजे आम्हीच — प्रयोगशाळेतले सगळे आणि घरची माणसं. नवऱ्याला तर दंडाला धरून आणलं होतं. कोणती नळी कुणाची, हे फक्त बाईंना ठाऊक. बाई म्हणजे आमच्या तंत्रज्ञ, माझ्याही आधीपासून इथे. यादी त्यांच्या खणात कुलूपबंद. शंका आली तर तीनदा मोजायचं, तोवर नाव फोडायचं नाही — नियम माझाच.

उद्या बाई माझे आकडे यादीशी ताडून बघणार.

५ मार्च
वीसच्या वीस रुग्ण ओळखले! वीसच्या वीस!!

बाईंनी यादीवर बोट ठेवून एक आकडा पुन्हा ताडून पाहिला. मग म्हणाल्या, "निरोगींमध्ये एक जण आजारी दाखवतोय, मॅडम. सत्तावीस." झालं! आनंदावर विरजण.

६ मार्च
वीस तारखेला समितीपुढे अहवाल मांडायचाय. चाचणी रुग्णालयांत न्यायची की गुंडाळून ठेवायची, ते तिथे ठरणार. धडधाकट माणसाला कॅन्सर आहे म्हणणारी चाचणी कोण घेईल?

बाईंवरच घसरले. "हातमोजे न घालता नळीला हात लावला असेल कुणीतरी!" त्या शांतपणे म्हणाल्या, "हात लागला असता तर आरएनए तुटला असता. कमी भरला असता. हा तर निरोगी माणसाच्या चौपट आहे." पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवते! थोबाडीत मारल्यासारखं झालं. माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

जेवताना नवरा म्हणतो, "सत्तावीस मीच असणार. तुझ्याबरोबर अठरा वर्षं काढली, काहीतरी चौपट होणारच." चावट!

९ मार्च
दुसरी मोजणी. एकोणचाळीस जिथल्या तिथे — इतकं सुरेख जुळलंय की बघत बसावं! सत्तावीस पुन्हा चौपट.

१० मार्च
आज लिहून टाकलं — "सत्तावीस: नमुना खराब, वगळला." एकच ओळ. एखादा नमुना सगळेच वगळतात! सहीसाठी बाईंपुढे धरलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"तिसरी मोजणी राहिलीय."

"वेळ कुठाय, बाई?"

"मग मी सही करणार नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा! वर उद्या रजा हवी म्हणे — ऐन धांदलीत! दिली, पण तोंड वाकडं करून.

१२ मार्च
सकाळी टेबलावर नवी नळी. ताजं रक्त, वर बाईंच्या अक्षरात २७. "त्याच माणसाचं आहे. आता शेवटचं मोजा," एवढंच म्हणाल्या. माझा अबोला चालू, म्हणून पुढे काही विचारलं नाही.

१३ मार्च
चौपट! ताज्या रक्तातही चौपट!

वीज चमकावी तसं लख्ख कळलं. नळी चांगली, यंत्र चांगलं — म्हणजे चूक नाहीच! काही दुखत-खुपत नसताना दिसतंय! नऊ वर्षं हेच तर हवं होतं! उभ्या उभ्या ओरडले. मग नवऱ्याचा विनोद आठवला. हे आमच्यातल्याच कुणाचं तरी रक्त आहे.

धावत बाईंकडे गेले. खुर्ची रिकामी. आठवड्याच्या रजेचा अर्ज, आणि माझ्या नावाच्या पाकिटात खणाची किल्ली.

खण उघडून यादी काढली. सत्तावीससमोर बाईंचंच नाव.

पाच तारखेपासून त्यांना ठाऊक होतं! आणि मी त्यांच्याच रक्ताला "खराब नमुना" म्हणून त्यांच्याकडेच सही मागितली. पाकिटात चिठ्ठीही होती — "मॅडम, नाव कळलं असतं तर तुमचा हात हलला असता. मोजणी बिघडली असती. तपासायला जाते आहे."

भोकाड पसरून रडले.

१९ मार्च
बाईंचा फोन, रुग्णालयातून. वाटाण्याएवढी गाठ. कॅन्सरच. अख्खी काढली, कुठेही पसरलेली नाही! माफी मागायला तोंड उघडलं तर खोल गेलेल्या आवाजात त्यांनीच विचारलं, "अहवालात काय लिहिलंत?"

एकवीसपैकी एकवीस, बाई.