नकुशीचा खोकला

१० ऑगस्ट २००९
आमचं महिला केंद्र बंद! पुण्यातला स्वाइन फ्लू यवतपर्यंत यायच्या आधीच त्याची भीती येऊन पोहोचली. बायकांची गुरुवारची बैठक रद्द. खुटबावच्या नकुशीचं काय? नवरा मारतो, हे तिला तेवढ्या एका तासात बोलता यायचं. केंद्राच्या मॅडम म्हणतात, "घरी जाऊन भेट. पण एकटीला गाठ." सांगायला काय जातंय!

११ ऑगस्ट
गेले. नवरा भैरू दारात. सासू कस्तुराबाई आम्हा दोघींच्या मधोमध तांदूळ निवडत — तेच मूठभर तांदूळ, परत परत! नकुशीचा डोळा सुजलेला. "शेळीनं शिंग मारलं," म्हणाली. त्यांच्या शेळीला शिंगंच नाहीत, मी बघितलं.

उठताना चुलीच्या धुरानं मला ठसका लागला. भैरू एका उडीत अंगणात!
"ताई, फ्लू तर न्हाई ना?"
"तपासणी झालेली नाही," म्हणाले.
खरंच झालेली नव्हती.

१२ ऑगस्ट
वडिलांनी, आप्पांनी, मला घरीच शिकवलं. पाटीवर पहिलं वाक्य गिरवून घेतलं ते 'खरे बोलावे'. काल मी खोटं बोलले का? शब्द तर खरे होते. अजून ठरत नाही.

१४ ऑगस्ट
नकुशी खोकतेय! माझं बघून शिकली, पट्ठी. भैरूनं तिला मागच्या खोलीत घातलंय. स्वतः गोठ्यात झोपतो, गळ्यात कापराची पुरचुंडी. "तुमीच जावा आत, ताई. आपुन न्हाई बा!"

दार लोटलं. नकुशी तोंडात पदर कोंबून हसली. ओठाची जखम पुन्हा उलली तरी हसली. मग रडली. मग सगळं बोलली — मधेच आठवण झाली की खोकायची. बाहेरून कस्तुराबाई, "लईच वाढलाय वं खोकला!"

ठरलं. सोमवारी दवाखान्यात न्यायचं म्हणून निघायचं, तिथून पाटसला तिच्या भावाकडं. पण मी आधी दवाखान्यात नेणारच. डोळा दाखवायचाच आहे. खोटं नको!

१७ ऑगस्ट
झालं!! भैरूनं लांबूनच हात जोडले. "बरी झाल्याबिगर आणू नका, ताई."
"नाही आणणार," म्हणाले. इतकं खरं मी जन्मात बोलले नसेन.

डॉक्टरांनी डोळा बघितला, कागदावर नीट लिहून दिलं. निरोप दिल्याप्रमाणे भाऊ संपत दवाखान्याच्या फाटकाशी उभाच होता. संध्याकाळी पाटसहून त्याचा फोन — पोचलो.

एकच कळत नाही. निघताना कस्तुराबाईंनी नकुशीच्या हातात गाठोडं दिलं. रिक्षात सोडून बघितलं, तर तिची सगळी लुगडी, पोलकी, माहेरचे पैंजण. दवाखान्यात जायला पैंजण कशाला?

२० ऑगस्ट
केंद्र बंदच. मी आत झाडत होते. दारात कस्तुराबाई, एकट्या. तोंडाला पदर, मनगट सुजून टम्म. म्हणाल्या, "मला बी खोकला झालाय, ताई. येऊ का आत?"