क्रॉसओव्हर बदलला आणि आप्पांचे कान गेले

३ जून
संकल्प : यापुढे हाती घेतलेलं काम तडीस न्यायचं.
हिचे वडील, आप्पा, आमच्याकडे राहायला आले ते दोन छोटे स्पीकर घेऊन. अगदी स्वस्तातले. आप्पा बासरीचे परीक्षक. संगीत विद्यालय मुलांची रेकॉर्डिंग पाठवतं, आप्पा ती या स्पीकरवर ऐकून मार्क देतात. बावीस वर्षं! एवढ्या जबाबदारीच्या कामाला असली डबडी?
इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. स्पीकरच्या आत क्रॉसओव्हर नावाची पट्टी असते. ती बारीक आवाज छोट्या ट्वीटरकडे पाठवते आणि जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे. स्वस्त स्पीकरात तिच्यावरचा कपॅसिटर, म्हणजे जाड आवाज ट्वीटरकडे जाऊ न देणारा भाग, अगदीच फालतू असतो. तो बदलला की म्हणे कानावरचा पडदाच दूर होतो.
आप्पांना सरप्राइज द्यायचं. विचारलं तर सरप्राइज कसलं?

५ जून, सकाळी
आप्पा फिरायला गेल्यावर एक स्पीकर उघडला. जुना कपॅसिटर शेंगदाण्याएवढा, माझा नवा टॉर्चच्या सेलएवढा. मावेना. तारांना जरा वळसा देऊन कोंबला. आधी फोटो काढायचा राहिला, पण लाल-काळ्या मिळून चारच तर वायरी. चालू केल्यावर किंचित धूर. नव्या वस्तूला वास येतोच.

५ जून, दुपारी
आवाज कसा मऊ, उबदार झालाय! त्याच्यापुढे दुसरा स्पीकर कर्कश वाटायला लागला. त्यालाही तसंच केलं. तसाच धूर आला. म्हणजे पद्धत बरोबर.

८ जून
आप्पा म्हणाले, बासरीतली फुंकच ऐकू येत नाही. इंटरनेटवाले सांगतात, नवा कपॅसिटर शंभर तास वाजवावा लागतो, मग खुलतो. आतापर्यंत अकरा झाले. आप्पांना काही बोललो नाही. अर्धवट माहिती देऊ नये.

११ जून
जेवताना आप्पा हिला म्हणाले, सगळी मुलं गोणपाटाआडून वाजवल्यासारखी वाटतात गं, माझे कान गेले बहुतेक. हिने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला उठलो. तांब्या टेबलावरच होता.
उद्या सांगून टाकायचं.

१२ जून
ऑफिसात फार काम. उद्या नक्की.

१३ जून
आप्पा झोपले होते. झोपलेल्या माणसाला उठवून काय सांगणार?

१४ जून
आप्पांनी विद्यालयाला पत्र लिहिलं. कान साथ देत नाहीत, मुलांचं नुकसान नको, मला मोकळं करा. मग मार्कांची वही बराच वेळ नुसती मांडीवर घेऊन बसले.
एकतीस तास झाले. अजून एकोणसत्तर.

१५ जून
एक स्पीकर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. आप्पा आता स्पीकर लावतच नाहीत, त्यामुळे घराबाहेर काढणं सोपं गेलं. (हे वाक्य लिहून बरं नाही वाटलं.)
दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं आणि आपल्या बायकोलाही बघायला बोलावलं. म्हणाला, कपॅसिटर कुठेच जोडलेला नाही, नुसता पाहुण्यासारखा बसलाय. वायरी परस्पर एकमेकींना जोडल्यात, त्यामुळे जाड आवाज थेट ट्वीटरमध्ये गेला, ट्वीटर जळाला. कोणी केलं हे? मी म्हटलं, ओळखीतल्या एकाने. तो म्हणाला, त्यांना सांगा, पेचकस कुलपात ठेवा. सांगतो म्हटलं. त्या ओळखीतल्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.
नवे ट्वीटर आठवड्याने येतील. गुपचूप बसवून घ्यायचे. आप्पांचे कान आपोआप बरे होतील आणि कुणालाच दुखवायला नको.

१९ जून
हिने कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. आप्पांना मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टर म्हणाले, उत्तम कान! या वयात असे क्वचित बघायला मिळतात.
आप्पा खुर्चीतून उठेचनात. मग म्हणाले, जावईबापूंचेही तपासा.
मी आत बसून बारीक शिट्ट्यांची वाट बघत राहिलो. डॉक्टरांनी दार उघडून सांगितलं, झाली तपासणी. सगळ्या वाजून गेल्या होत्या.


२० जून, सकाळी
विद्यालयाला फोन केला. बाई म्हणाल्या, पत्र मिळालं, फार हळहळलो, नवे परीक्षक कालच नेमले. चूक माझी होती असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, असेल, पण यंदा आता काही होणार नाही.

२० जून, दुपारी
गॅलरीत आप्पांना सगळं सांगितलं. कपॅसिटर, धूर, पिशवी, दुरुस्तीवाला. मध्ये एकदाही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं सांगितलंच नसतं.
आप्पा म्हणाले, काल घरी आल्यावर पाहिलं मी. एका स्पीकरचे स्क्रू खरवडलेले आणि दुसरा जागेवरच नाही. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होतो. स्पीकरचं काही नाही हो, वस्तू आहे, बिघडते. पण मी ते पत्र लिहीत होतो तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. ‘श्रवणशक्ती’ची वेलांटी तुम्ही सुधारून दिलीत.
हे मी चौदा तारखेला इथे लिहिलं नव्हतं. ते पत्र पेटीत टाकायलाही मीच गेलो होतो.