हिंदीला उत्तर नाही

॥ श्री ॥

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२० जुलै १९७३

ती. सौ. प्रभाताईस, धाकट्या सुनंदाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून चिडली असशीलच. आधी चिडून घे, मग वाच.

आम्ही सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मे महिन्यातली मुंज आठवते ना? भर पंगतीत आमच्या सुनीतीने वाढणाऱ्याला हिंदीत नको म्हटलं, आणि यांच्या काकांनी, अण्णासाहेबांनी, ही पंजाब्यांची पोर कुणी आणली म्हणून विचारलं. तू हसलीस, मीही हसले. हे हसले नाहीत. दिल्लीला घरी पोचल्या पोचल्या यांनी कायदा केला. सुनीती हिंदीत बोलली तर कुणी उत्तर द्यायचं नाही. पाणी मागितलं तरी नाही.

कुणी म्हणजे मीही त्यात आले. हे ऑफिसला गेल्यावर मी सैल सोडेन, म्हणून संध्याकाळी तिलाच विचारतात, आणि पोर खोटं बोलत नाही. पहिले काही दिवस ती शाळेतलं सांगत माझ्यामागून फिरायची आणि मी खाली मान घालून पोळ्या लाटायची. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मोडकंतोडकं मराठी बोलली की हे चूक काढणार. आता तिने बोलणंच सोडलंय. हे म्हणतात, होईल सवय. दोन खोल्यांत आम्ही तिघं एकमेकांना घासून जातो. यांना दुखवता येत नाही आणि तिला जवळ घेता येत नाही. माझा जीव गुदमरतो. ताई, तुझी मुलं मोठी झाली, मला काहीतरी सुचव.

माया आहे तशीच असू दे, रागावलीस तरी चालेल.

तुझी सुनंदा

॥ श्री ॥

पुणे
४ ऑगस्ट १९७३

चि. सौ. सुनंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

चिडले होते, पण तुझं वाचून ते बाजूला राहिलं. अण्णासाहेबांच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. त्यांच्या एका शब्दासाठी दिनकररावांनी पोरीचं तोंड शिवावं?

ती हिंदीत बोलली तरी उत्तर देत जा, मराठीत दे. चुका काढू नकोस. भाजी निवडायला घेऊन शेजारी बस आणि काही विचारू नकोस. आमची अलका मटार सोलताना जेवढं बोलली, तेवढं समोर बसवून कधी बोलली नाही. आणि एक. सुनीती बारावं गाठतेय. पाळीचं तिला आधी सांगून ठेव. आपल्या आईने सांगितलं नव्हतं, मी न्हाणीघरात मरायची वाट बघत बसले होते. तुला मी सांगितलं म्हणून तू सुटलीस.

दिनकररावांना मीच चार ओळी खरडू का? तू भित्री आहेस, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

सर्वांना यथायोग्य, सुनीतीला माझा पापा.

तुझी ताई

॥ श्री ॥

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१७ जानेवारी १९७४

ती. सौ. प्रभाताईस सुनंदाचा सा. न. वि. वि.

यांना लिहू नकोस असं मीच कळवलं होतं. लिहिलं असतंस तर बरं झालं असतं.

मटार घेऊन बसले होते. तिने सगळे सोलले, हात धुतले आणि शेजारच्या भल्ला आंटींकडे गेली. ते दुसरं सांगणं मी रोज उद्यावर ढकललं. हे घरी असताना धीर होत नसे आणि हे नसताना ती भिंतीपलीकडे असे. तिथे खूप बोलते, हसते. नीट ऐकू यावं म्हणून मी नळ बंद करून उभी राहायची.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेलो होतो. तिथे सुनीतीने पाठ केलेली चार मराठी वाक्यं म्हटली. टाळ्या पडल्या. येताना हे मला म्हणाले, की नियम शेवटी लागू पडला. ती खिडकीशी बसली होती, थंडीने कुडकुडत, आणि स्वेटर मात्र कमरेला घट्ट बांधलेला. अंगात घाल म्हटलं तर स्वच्छ मराठीत नको म्हणाली.

काल भल्ला आंटी आल्या. प्रवासात बेटीला फार त्रास झाला नाही ना, असं त्यांनी विचारलं. या खेपेला पोटात खूप दुखत होतं म्हणे. मला काही कळेना. मला काहीच ठाऊक नाही हे लक्षात आल्यावर त्या बिचाऱ्या ओशाळल्या. ताई, दिवाळीपासून तिला पाळी येते. पहिल्या दिवशी ती शाळेतून सरळ त्यांच्याकडे गेली. कपडा कसा घ्यायचा ते त्यांनी दाखवलं, गरम दूध दिलं, आईला सांग म्हणाल्या. तर हे मराठीत कसं सांगायचं ते मला येत नाही, म्हणाली.

यांना हे कोणत्या तोंडाने सांगू? पण हे यायच्या आत तिच्याजवळ जाऊन बसले. कायदा गेला खड्ड्यात, असं ठरवलं. भाजीवाल्याशी चालते तेवढीच माझी हिंदी. त्या हिंदीत विचारलं, फार दुखतं का, तेव्हा घाबरली होतीस का.

तिने पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे पाहत राहिली, आणि उत्तर दिलं नाही.

लोभ आहेच. उत्तर मात्र लवकर दे.

तुझी सुनंदा