तालमीत न म्हटलेले वाक्य

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १९११

प्रिय ड्रुसिला,

मी ठणठणीत आहे, खोलीही उबदार आहे. आईचा खोकला कसा आहे?

नाटक काल सुरू झाले. तालमीत नाटकाचे शेवटचे वाक्य म्हणणे नटमंडळींत अपशकुनी, म्हणून महिनाभर मी माझ्या त्या वाक्यापाशी येऊन थांबत होते. काल म्हणायला तोंड उघडले, तर नाटकात माझ्या मुलीची भूमिका करणाऱ्या मेबलने ते म्हणून टाकले. पडदा पडला.

"मीच दिलं तिला," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही तालमीत कधी म्हटलंच नाही, बाई. वाटलं, नकोच असेल."

वीस वर्षे याच धंद्यात असलेला माणूस हे बोलतो.

आईला सांग, शेवटचे वाक्य माझेच होते. आणि नाताळात तिला नाटकाला आणू नकोस.

तुझी ताई,
हेस्टर