नमस्काराची रांग

बाई,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही. आज त्याला नवं निमित्त मिळालं आहे. शाळेच्या समितीने ठरवलंय की यंदापासून गुरुपौर्णिमेला प्राथमिक विभागातल्या सर्वांत चांगल्या वागणुकीच्या मुलाला एक ढाल द्यायची आणि त्या ढालीला तुमचं नाव द्यायचं. ठरावाचा कागद माझ्या टेबलावर आहे. मुख्याध्यापिका म्हणून त्यावर उद्या सकाळपर्यंत माझी सही हवी आहे. आमचे अध्यक्ष तुमचेच विद्यार्थी, तुम्ही त्यांचे कान पिळलेले. कागद देताना म्हणाले, "मॅडम, बाईंनी तर आपल्या सगळ्यांना वळण लावलं. दुसरं नाव सुचूनच नाही राहिलं." मी हसले. मोठ्यांसमोर तोंड वाकडं करायचं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं.

वळण लावलंत, हे खोटं नाही. नखं, रुमाल, वहीचा समास, दुसरा बोलत असताना मध्ये तोंड न घालणं, सगळं तुमचं. त्याहून मोठं म्हणजे मी सहा वर्षांची असताना माझे वडील गेले, ते डिफेन्सच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये रोजंदारीवर होते, त्यामुळे मागे काहीच नव्हतं, आणि तेव्हा तुम्ही समितीत भांडून आईला शाळेत मावशीची नोकरी मिळवून दिलीत. मला पहिलीत घेतलंत. पहिल्या दिवशी स्वतःच्या मुलीचा जुना पण कडक इस्त्रीचा फ्रॉक मला घातलात आणि आरशासमोर उभं केलंत. हा उपकार मी नाकारत नाही. तो नाकारता आला असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरून मोकळी झाले असते.

आता ती गुरुपौर्णिमा. मी तिसरीत आहे. आदल्या दिवशी तुम्ही वर्गात सांगितलंय की जे आपल्यासाठी कष्ट करतात ते सगळे आपले गुरू, आणि मी ते अक्षरशः खरं मानलंय. नमस्काराची रांग तुमच्यापासून सुरू होते, मग बाकीच्या बाई, मग गुरुजी, मग कार्यालयातले बाबू, मग समितीचे एक खूप म्हातारे आजोबा, आणि कार्यालयाच्या दाराशी संपते. पाण्याची खोली त्या दारापासून चार पावलांवर. तिथे आई माठ विसळतेय. मी आजोबांच्या पाया पडले आणि थांबलेच नाही. सरळ गेले आणि आईच्या पाया पडले. माझ्या मागच्या सहा-सात मुलीही आल्या, त्यांना वाटलं रांग इकडेच जाते. आई ओल्या हातांनी मागे सरकतेय, "अगं, अगं, काय करून राहिल्या तुम्ही?" म्हणतेय, पण तिचा चेहरा मी पाहिला. वडील गेल्यापासून ती तशी हसली नव्हती.

तुम्ही आलात. तुम्ही कधी ओरडत नव्हतात, हेच तर तुमचं कौतुक सगळे करतात. हळू आवाजात विचारलंत, "रांग कोणी मोडली?" मी हात वर केला. पण तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. आईला म्हणालात, "पोरीला तिची जागा तू सांगायला हवी होतीस. आता सगळ्यांसमोर माफी माग, म्हणजे तिच्या लक्षात राहील." आईने पदराला हात पुसले आणि भरल्या शाळेसमोर ती तुमच्या पाया पडली. ब्लाउजची शिवण पाठीवर उसवली होती, ती मला दिसली, सगळ्यांनाच दिसली असणार. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून "असू दे, असू दे" म्हणालात. त्या "असू दे"चा मला अजून संताप येतो. मारलं असतंत तर परवडलं असतं.

लक्षात राहावं म्हणून केलंत ना? राहिलं. मी शिकले, इथेच शिक्षिका झाले आणि सहा वर्षांपूर्वी तुमच्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. बसल्याबरोबर पहिलं काम केलं ते हे: गुरुपौर्णिमेची रांग उलटी केली. ती पाण्याच्या खोलीपासून सुरू व्हायची. आधी मावशी, मग झाडूवाले भैया, मग फाटकावरचे चौकीदार, ऑटोवाले, आणि शिक्षक सर्वांत शेवटी. समितीचे लोक तर रांगेतच नव्हते. पालकांना फार आवडलं. शहरातल्या दुसऱ्या शाळांतले लोक येऊन बघून गेले, मुलांवर परस्पर आदराचे संस्कार कसे करावेत यावर मला भाषण द्यायला बोलावलं. मी दिलंही, चांगलं तासभर. मुलांचं मन, माणसाची प्रतिष्ठा, सगळं आलं त्यात. खरं एवढंच होतं की दरवर्षी त्या रांगेचं पहिलं मूल वाकलं की मला तुमचा पडलेला चेहरा दिसायचा आणि आतून गार वाटायचं. संस्कार वगैरे नंतरचं. मी सूड घेत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मागच्या आठवड्यात आमच्या हल्लीच्या मावशी कार्यालयात आल्या. जबलपूरजवळच्या शहपुऱ्याकडच्या आहेत, आठ वर्षं झाली इथे. दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "मैडम, इस बार उस दिन की छुट्टी दे दो हमको." मी विचारलं, का? तर म्हणाल्या, "हमारे यहाँ कन्या से पैर नहीं पड़वाते. पाप लगता है. हम लोग तो उनके पैर पड़ते हैं. छह साल से हर बार दूसरे दिन ग्वारीघाट जाके नर्मदा जी से माफी माँगते हैं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. अख्खा जन्म जबलपुरात गेला माझा. नवरात्रात शेजारच्या काकी मला पाटावर बसवून माझे पाय धुवायच्या, हलवा-पुरी वाढायच्या आणि वाकून नमस्कार करायच्या, विधवेच्या त्या पोरीला. आमच्या मराठी घरात मुली मोठ्यांच्या पाया पडतात, त्यांच्या घरात मोठी माणसं मुलींच्या पाया पडतात. एवढी साधी गोष्ट मी सहा वर्षं डोळ्याआड केली, कारण मला ती रांग हवी होती. आणि मावशींनी पहिल्याच वर्षी "रहने दो मैडम" म्हटलं होतं. मी म्हणाले होते, "लाजू नका, उभ्या राहा." हुकूमच होता तो. तुमच्याइतक्याच हळू आवाजात दिलेला.

मी विचारलं, "मग तुम्हाला काय हवं? मुलांनी तुमच्याशी कसं वागावं?" त्या गोंधळल्या. कोणी विचारलंच नव्हतं कधी. मग म्हणाल्या, "कुछ नहीं चाहिए. बच्चे नल खुला छोड़ देते हैं, टंकी खाली हो जाती है, तो हमको दोबारा भरना पड़ता है. बंद कर दिया करें, बस." सोमवारपासून नळ बंद करायचं काम वर्गांना पाळीपाळीने दिलंय. रांग बंद केली. लोक विचारतील, विचारोत. त्या बाईंना आठ वर्षांत मी एकदाही बसा म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं, पण त्या बसल्या नाहीत.

याचं पुण्य तुमच्या पदरात टाकणार नाही, बाई. माझी चूक माझी, तुमची तुमची. ढालीवर तुमचं नाव लागणार नाही. आधी ठरवलं होतं की समितीच्या बैठकीत उभं राहून त्या गुरुपौर्णिमेची सगळी गोष्ट सांगायची, तुमच्या लाडक्या विद्यार्थ्यांना ऐकवायची. आई आता माझ्याकडेच असते. तिला सांगितलं तर तिने हातातली मटाराची शेंग ताटात ठेवली. म्हणाली, "काहून सांगते? एकदा वाकली मी. आता तू मला पुन्हा सगळ्यांपुढे वाकवून राहिली." मग म्हणाली, "त्यांनी तुला शिकवलं, जाऊ दे ना." तिचं जाऊ दे, माझं नाही. मी ठरावावर आत्ताच "नामंजूर" लिहिलं आणि कारणाची जागा कोरी ठेवली. अध्यक्ष रागावतील. रागावू देत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. ती बैठकीत मला सांगता आलीच नसती, आईने परवानगी दिली असती तरी. पाचवीत एक नवी मुलगी आली होती, तिचे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. मधल्या सुट्टीत आम्ही पाणी प्यायला गेलो. आई मला म्हणाली, "डबा संपवला का ग?" त्या मुलीने विचारलं, "ये कौन है तेरी?" मी म्हणाले, "कोई नहीं. मावशी है स्कूल की." आईने तिचा ग्लास भरला, मग माझा भरला. तुम्ही व्हरांड्यात उभ्या होतात. रुमाल विसरला तरी अर्धा तास बोलणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी सगळं ऐकलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि काही न बोलता वर्गात गेलात. पुढेही कधी तो विषय काढला नाहीत. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मला ना वाईट वाटलं, ना आनंद झाला. हायसं वाटलं. आता हे कोणालाच ठाऊक नाही, असं मनात आलं.

आई सोडून.