भिंतीवरचं जागृत घड्याळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. आम्ही तिघं खुशाल आहोत. तुझे गुडघे आणि भावोजी, दोघांचीही कुरकुर आता कमी असेल असं धरून पुढे लिहितो.

छकुलीला सांभाळणाऱ्या मावशींवर नजर ठेवायला गुपचूप कॅमेरा बसवा, हा तुझा सल्ला आम्ही मानला. (तू मानेपर्यंत फोन ठेवत नाहीस, हेही एक कारण.) बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळात तो बसवला. ही बँकेतून आणि मी पंपघरातून, आपापल्या फोनवर घर बघू लागलो. आवाजही ऐकू येतो.

पण मला ते पचेना. न सांगता कुणाकडे बघत राहणं म्हणजे चोरीच की. गावच्या शाळेत गुरुजीसुद्धा वर्गात शिरताना दारात खाकरायचे. हिला तसं म्हटलं तर म्हणाली, "मग सांगून टाका मावशींना. उद्यापासून तुम्हीच भरवा पोरीला." छकुली मावशींखेरीज कुणाच्या हातून घास घेत नाही. त्या रुसून गेल्या तर आमच्यापैकी एकाची नोकरी गेलीच म्हणून समज. तेव्हा मी नुसतं खाकरायचं ठरवलं. रोज कामाला निघताना घड्याळाकडे बघून, मावशींच्या कानावर पडेल अशा बेताने म्हणायचो, "बघणारा बघतोय बरं." शहाण्याला शब्दाचा मार.

मावशी माझ्याहून भाविक निघाल्या. एके दुपारी पंपघरात फोन उघडतो, तर समोर त्यांचा चेहरा, डोळे मिटलेले, हात जोडलेले. पायाशी छकुली, तिचेही हात जोडलेले. "देवा, साहेब रोज तुझ्याशी बोलतात, म्हणून मीपण बोलते. बहिणीला बाळ झालंय, बघून यायचंय. बाईंकडे सुट्टी मागायला जीभ रेटत नाही. तूच काय ते बघ."

आता हे ऐकून न ऐकल्यासारखं कसं करायचं? संध्याकाळी हिने आपणहून सुट्टी देऊन टाकली. झालं! घड्याळ पावलं. मावशी परत आल्या त्या फूल घेऊनच. तेव्हापासून घड्याळावर रोज फूल असतं. (त्यामुळे अर्धी बैठक दिसत नाही.) शेजारची स्वयंपाकीणही येऊन गाऱ्हाणं घालून जाते. तिला मी अजून पावलेलो नाही.

कॅमेरा काढावा तर मावशींचा देव जातो, खरं सांगावं तर मावशी जातात. आणि ठेवावा तर मी, जन्मभर देवापुढे हात जोडलेला माणूस, त्याच्या जागी बसून लोकांची मागणी ऐकतो. हल्ली देवापुढे उभा राहिलो की वाटतं, तोही कुठल्याशा पंपघरात कपाळाला हात लावून बसला असेल. मग मी मागणं आवरतं घेतो.

तुझा,
धाकटा

ता. क. छकुलीला दाढ येते आहे. हाताला लागेल ते चावते.

पुन्हा ता. क. पत्र खरं तर यासाठीच. तू पुढच्या महिन्यात येणार हे कळल्यापासून मावशी घड्याळापुढे जरा जास्तच वेळ उभ्या असतात. "त्या ताई धुतलेले कपडे पुन्हा धुवायला लावतात. त्यांचं येणं तेवढं टळू दे, देवा." मावशींचा शब्द घड्याळाने आजवर खाली पडू दिलेला नाही. तेव्हा ताई, या खेपेला येऊ नकोस. देवाची अब्रू तुझ्या हातात आहे.

आणखी एक. काल घरी कुणी नसताना हीसुद्धा घड्याळापुढे हात जोडून उभी दिसली. मागणं तेच. ही काही भाविक नाही, पण त्या वेळी कोण ऐकतो आहे हे तिला ठाऊक होतं.