त्रेचाळिसावा आठवडा

१२ जानेवारी, सोमवार

टियार्क! त्याचं नाव! कारागिरी शाळेच्या सूचनाफलकावर तीनदा वाचलं. नॉर्वे, हार्डांगरच्या फ्योर्डवरचा लाकडी होड्यांचा कारखाना, एप्रिलपासून बारा आठवडे, सगळी सोय युरोपच्या योजनेतून. आमच्या इथल्या, जर्मन किनाऱ्यावरच्या कारखान्यातून एकच उमेदवार. त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत – ‘राखीव : मेल्फ’. म्हणजे मी. राखीव! बोटीत जादा वल्हं ठेवतात तसा.

माझा अर्ज नोव्हेंबरातच गेला होता. शब्दकोश उघडा ठेवून लिहिला होता, मग टाइप केला, दोन प्रती काढल्या. नववीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचा अर्ज आहे असं कुणी म्हणू नये म्हणून. टियार्कनं त्याचा अर्ज जेवणाच्या सुट्टीत भरला. पेन्सिलीनं. कोपऱ्यावर मोहरीच्या चटणीचा डाग होता. मी स्वतः पाहिलाय तो डाग.

१३ जानेवारी, मंगळवार

आज धीर करून कार्स्टन्सबाईंना विचारलं. कारखाना त्यांचा, आम्हा दोघांना शिकवतातही त्याच.

“बाई, माझं काय चुकलं?”

त्या पटाशीवरचा डिंक खरवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “काही चुकलं नाही. तुझं कधी काही चुकतच नाही, मेल्फ. पण फळीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते तू बघत नाहीस. तिथे परक्या लोकांबरोबर फळी धरायची आहे.”

हे काय उत्तर झालं? मी फळीकडे बघतो. फळीकडेच बघायचं असतं!

१६ जानेवारी, शुक्रवार

जुन्या मासेमारी होडीची फळी बसवली. ओकची, जाड. तासभर वाफेच्या पेटीत ठेवली, मग हातमोजे घालून दोघांनी बाहेर ओढली – पळत होडीपाशी – थंड व्हायच्या आत वाकवून शिकंजे आवळायचे. मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. टियार्क त्या टोकाला ओरडतोय, “ये, ये, ये, म्हातारे, वाक!” – फळीला म्हणतो तो. फळी वाकली. त्याच्यासाठी वाकते. बाई हसल्या. माझ्या टोकाचा शिकंजा केसभरही तिरका नव्हता. ते कुणी पाहिलं नाही.

२२ जानेवारी

टियार्क नॉर्वेजियन शिकतोय. टेबलावरच्या भुशात बोटानं शब्द लिहितो. आभार म्हणजे ‘टक्’. दिवसभर टक्, टक्, टक्. हातोडा दिला – टक्. दार उघडलं – टक्. भिंतीवरचं घड्याळ बरं याच्यापेक्षा!

२८ जानेवारी

त्याची आई त्याच्यासाठी निळा स्वेटर विणतेय, नॉर्वेसाठी. आज मापाला अंगावर चढवून आला होता, बाह्या अर्ध्याच.

घरी आईला सांगितलं तर तिनं माझीच बाजू सोडली! “चांगला पोरगा आहे तो, मेल्फ. तुला ठाऊक नाही.” आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी त्याला केक पाठवायचा म्हणे. सफरचंदाचा. तो केक माझ्या वाढदिवसाला होतो.

मला काय ठाऊक नाही? रोज आठ तास त्याच्या शेजारी उभा असतो मी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज काहीतरी घडलं. नीट लिहून ठेवतो.

शाळेत थॉमसन सर म्हणाले – परदेशी जाणाऱ्यांच्या कामवह्या दोन मार्चपर्यंत पूर्ण हव्यात, प्रत्येक आठवड्याला सही हवी. “या वेळी मी स्वतः पान न् पान बघणार. अपुरी असेल, नाहीतर दुसऱ्याची उतरवलेली असेल, तर जागा राखीव उमेदवाराला.”

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं.

कामवही प्रत्येक शिकाऊ कारागिराला लिहावी लागते, दर आठवड्याला एक पान – काय केलं, किती तास. बाई शुक्रवारी न वाचता सही ठोकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी वही अडीच वर्षांत एक दिवस चुकलेली नाही. आणि टियार्कची? ऑगस्टपासून कोरी! त्याच्या पिशवीत मोडलेली पेन्सिल आहे, वही नाही.

घरी येताना बंधाऱ्यावरून चालत आलो, वारा तोंडावर होता. शीळ घालत होतो. लक्षात आल्यावर थांबलो.

४ फेब्रुवारी

“मेल्फ, राजा, देव आहेस तू. वही दे ना. दोघांनी तेच तर काम केलंय.”

“नाही.”

“अरे, चार दिवस फक्त!”

“नाही म्हटलं ना.”

“बरं, नाही तर नाही.” रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

८ फेब्रुवारी, रविवार

केक गेला त्याच्याकडे. मी स्वतः नेऊन दिला, आईनं दिला म्हणून.

येऊन माझी वही चाळत बसलो. ऑगस्टपासून पुढे. सुवाच्य, सरळ. वर्षाच्या त्रेचाळिसाव्या आठवड्यापाशी, ऑक्टोबरच्या अखेरीस, हात थांबला.

‘सोमवार – वडिलांचा अंत्यविधी. मंगळवार ते शुक्रवार – रजा.’

बस, इतकंच लिहिलं होतं. त्या दिवसाचं मला फार आठवतही नाही. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सहा शेजारी शवपेटी उचलायला, काळे कोट, काळ्या टोप्या भुवयांपर्यंत. मी आणि आई मागे. चर्चपासून कबरीपर्यंत मी मान वर केली नाही. बूट दिसत होते फक्त. पाच जोड काळे, आणि डावीकडे मागे एक जोड तपकिरी! टाचा झिजलेले. बाबांच्या अंत्यविधीला तपकिरी बूट! एवढंही ज्याला कळत नाही, तो पेटी उचलायला येतो कशाला? आजही आठवलं की डोकं फिरतं.

मग दुसराच विचार आला. टियार्क वाचत नाही. टियार्क उतरवतो. माझं पान जसंच्या तसं उतरवेल. आणि त्याचे वडील ठणठणीत आहेत. बंदरात जहाजांना वाट दाखवतात, थॉमसन सर रविवारी त्यांच्याबरोबर पत्ते खेळतात!

मी काही करायचं नाहीच. फक्त वही द्यायची.

९ फेब्रुवारी, सोमवार

वही दिली.

“टक्!” म्हणून त्यानं मला उचललंच, गुडघ्यांना धरून. बाई ओरडल्या, “खाली ठेव त्याला, मोडेल!”

१३ फेब्रुवारी

रोज जेवणाच्या सुट्टीत उतरवत बसतो. जीभ ओठाबाहेर. मधेच ओरडून एखादा शब्द कसा लिहायचा ते विचारतो, आणि मी सांगतो. बरोबर सांगतो. चुकीचा शब्द सांगणं मला जमणार नाही. इतर गोष्टी जमतात म्हणायच्या.

आज माझ्यासाठी हेरिंग मासा घातलेला पाव आणला त्यानं. वर कांदा जास्त, मला आवडतो तसा. त्याला कसं माहीत? खाल्ला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

त्रेचाळिसावा! पान उलटताना पाहिलं मी. मी रंधा चालवत होतो, पण रंध्याखाली लाकूडच नव्हतं बहुतेक. त्यानं वाचलं. निदान डोळे त्या ओळींवर होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी रंध्याचं पातं तपासू लागलो.

लिहीत बसला. दोन ओळींना इतका वेळ? चित्रं काढत असेल.

शेवटी वही मिटून, “झालं एकदाचं! उद्या पुढचं.” हसला नाही. भूक लागली असेल.

तर झालं. आता काही करायचं उरलं नाही. नॉर्वेचा नकाशा भिंतीवर लावावा का?

नाही लावला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बीकेची होळी पेटली बंधाऱ्यावर. सगळं गाव होतं. नंतर कारखान्यात मोठ्या टेबलावर केलची भाजी, सॉसेज, बिअर. बाई म्हणाल्या, पूर्वी ही होळी समुद्रावर जाणाऱ्यांना निरोप द्यायला पेटवायचे, या वर्षी आपल्याकडचा एक खरंच निघालाय. मग टियार्कला बाकावर उभं केलं. अंगात निळा स्वेटर, आता दोन्ही बाह्यांसकट.

“भाषण! भाषण!”

“मला बोलता येत नाही,” म्हणाला. सगळे हसले, कारण तो कधी गप्पच बसत नाही. मग ग्लास माझ्याकडे करून – “मेल्फ! याची वही नसती तर मी इथंच सडलो असतो!”

टाळ्या. मीही वाजवल्या. आई कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत होती, डोळे पुसत. त्याच्यासाठी! गेल्या वर्षी याच बाकावर बाबा बसले होते.

एकदा वाटलं, बाहेर बोलवावं, सांगावं – ते पान बदल. दारापर्यंत गेलोही. तेवढ्यात त्याच्याभोवती पाच पोरी, नॉर्वेत अस्वलं असतात का विचारणाऱ्या. परत फिरलो. मला अस्वलांबद्दल कुणी विचारलं नव्हतं कधी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी बोलावलं. टेबलावर टियार्कची वही.

“थॉमसन या वेळी खरंच वाचणार. मला वाचायला वेळ नाही, चष्माही नाही. तू वाच. तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. उद्या तू बरोबर म्हणालास की मी सही करते सगळ्यांवर.”

मी! सबंध गावात मीच!

वही घरी आणली. उघडली नाही. उघडायची गरज काय? आत काय आहे ते मला माहीत आहे, माझेच शब्द आहेत ते, त्याच्या अक्षरातले. उद्या फक्त एक वाक्य म्हणायचं – “सगळं बरोबर आहे, बाई.” आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा आवाज स्थिर आला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामाला निघण्याआधी उघडलीच. न वाचता वाचलं म्हणणं मला जमेना. थेट त्रेचाळिसावा आठवडा.

‘सोमवार – मेल्फच्या वडिलांचा अंत्यविधी. पेटी उचलणाऱ्या शेजारच्या क्लासेनची कंबर धरली म्हणून मेल्फच्या आईनं सकाळी कारखान्यात फोन केला, बाईंनी मला पाठवलं. पेटीचं मागचं डावं टोक. कोट आणि टोपी क्लासेनची. काळे बूट घरी, जायला वेळ नव्हता, कामाचेच तपकिरी घालून गेलो. मेल्फ सगळी वाट माझ्या बुटांकडे बघत होता. फार लाज वाटली. त्याला अजून सांगितलेलं नाही. मंगळवार ते शुक्रवार – दोघांचं काम.’

“वाचलीस सगळी?” बाईंनी विचारलं.

“वाचली. सगळं बरोबर आहे, बाई.”

त्यांनी सह्या केल्या.